अंबरनाथचा शिलालेख आणि जर्दाळूची बी

१/
मागच्या पावसाळ्यात बदलापूरला मावशीकडे गेले होते. तिला स्तनाच्या कर्करोगाचे निदान होऊन दोन महिने झाले होते आणि लोकलने परळच्या खेपा सुरू होत्या. चहा झाल्यावर तिने फडताळातून एक पाकीट काढून माझ्यापुढे ठेवले. आत जर्दाळूच्या कडू बियांमधला गर होता. “उल्हासनगरच्या ओळखीच्यांनी मागवून दिलाय. रोज मोजून खायच्या म्हणे. यात जीवनसत्त्व बी-१७ असतं, त्यानं गाठ विरघळते. तू इतिहास शिकतेस ना? मग शोधून सांग, हे खरं की खोटं.”

२/
प्रश्न वैद्यकाचा आणि विचारला इतिहासाच्या विद्यार्थिनीला! प्रथम मी तो टाळला. पण परतीच्या गाडीत वाटले, की एखादे विधान कोणी केले, केव्हा केले, कशाच्या आधारावर केले आणि ते नंतर कोणी तपासले, हे विचारणे हाच तर आमचा अभ्यास. हा अभ्यास कसा चालतो याचे उत्तम उदाहरण बदलापूरच्या अलीकडच्याच स्थानकावर, अंबरनाथला, दगडावर कोरलेले आहे. आजचा धागा तिथूनच सुरू करू.

३/
वालधुनीच्या काठचे अंबरनाथचे शिवमंदिर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. ते केव्हाचे, याचा मुख्य पुरावा म्हणजे मंदिरातील शिलालेख. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो वाचून रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांनी वाचलेले वर्ष होते शक ७८२, म्हणजे इसवी सन ८६०.

४/
हे वाचन चुकीचे होते. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तोच लेख पुन्हा तपासला आणि वर्ष शक ९८२, म्हणजे इसवी सन १०६० असल्याचे दाखवले. फरक एकाच अंकाचा, पण काळ दोनशे वर्षांनी सरकला. शिलाहार राजा मुम्मुणी याच्या कारकिर्दीशीही हे नवे वाचन जुळले. आज आपण १०६० हेच वर्ष सांगतो.

५/
यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की भगवानलाल हे भाऊ दाजींच्याच हाताखाली तयार झालेले. शिष्याने गुरूची चूक दुरुस्त केली आणि त्यामुळे भाऊ दाजींची थोरवी तसूभरही उणावली नाही. दुरुस्ती शक्य झाली, कारण दगड जागेवर होता, वाचन छापलेले होते आणि शंका असलेला कोणीही मनुष्य अंबरनाथला जाऊन अंक पुन्हा पाहू शकत होता.

६/
आता याच भाऊ दाजींच्या चरित्राचा दुसरा धागा पाहू. लेखवाचन हा त्यांचा छंद. पेशाने ते डॉक्टर. १८२२ साली गोव्यातील मांद्रे येथे जन्मलेले भाऊ दाजी हे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले पदवीधर. कुष्ठरोगावर औषध शोधण्याचा त्यांना ध्यास होता, आणि ते औषध त्यांना एका फळाच्या बीमध्ये सापडल्यासारखे वाटले. हे फळ कवटीचे, म्हणजेच कडू कवठाचे. पश्चिम घाटात हा वृक्ष आढळतो आणि त्याच्या बियांपासून तेल निघते.

७/
या उपचाराची त्या काळच्या मुंबईत चर्चा होती. परंतु संशोधन अपुरे असतानाच १८७४ मध्ये भाऊ दाजींचे निधन झाले आणि औषधाचा सांगोपांग, इतरांना पडताळता येईल असा वृत्तान्त त्यांच्या हातून प्रसिद्ध झाला नाही. म्हणजे एकाच माणसाची दोन विधाने आपल्यापुढे आहेत. शिलालेखाचे विधान उघड्यावर होते, म्हणून चूक असूनही ते ज्ञानाच्या उपयोगी पडले. औषधाचे विधान कदाचित अंशतः बरोबर असूनही अधांतरी राहिले.

८/
त्या बीचे पुढे काय झाले? कवटी आणि तिच्या कुळातील चौलमुग्रा यांच्या तेलांचा विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत जगभर कुष्ठरोगावर उपयोग झाला. काही रुग्णांना उतार पडे, अनेकांना पडत नसे, आणि तेल पोटात घेतले की मळमळीने जीव नकोसा होई. १९४० च्या दशकात सल्फोन वर्गातील औषधे आली, त्यांचा गुण स्पष्ट दिसला आणि तेल मागे पडले. फळाच्या बीतून औषध निघू शकते, ही कल्पना मुळात हास्यास्पद नाही. मावशीच्या पाकिटाकडेही मी त्याच नजरेने पाहायचे ठरवले.

९/
जर्दाळूच्या बीतला कडवटपणा ज्या द्रव्यामुळे येतो त्याचे नाव अॅमिग्डालिन. रोबिके आणि बुत्रों-शार्लार या फ्रेंच रसायनज्ञांनी १८३० मध्ये ते कडू बदामातून वेगळे केले. १८३७ मध्ये लीबिग आणि व्योलर या जर्मन रसायनज्ञांनी त्याचे विघटन अभ्यासले. बी ठेचली वा चावली, की तिच्यातलेच एक विकर अॅमिग्डालिनवर काम करते आणि त्यातून साखर, कडू बदामाचा वास असलेले बेंझाल्डिहाइड आणि हायड्रोजन सायनाइड निघते. हे सायनाइड म्हणजे प्राण्यांनी बी खाऊ नये म्हणून झाडाने केलेली तजवीजच. आपण लहानपणी सुक्या जर्दाळूची बी फोडून आतला ‘बदाम’ खात असू, तो बहुधा गोड जातींचा. त्यात हे द्रव्य अत्यल्प असते. कडू जातींत ते पुष्कळ असते.

१०/
कर्करोगावर अॅमिग्डालिन देऊन पाहण्याचा प्रयोग रशियात १८४५ मध्येच झाल्याची नोंद आहे. पण त्याची खरी कीर्ती झाली ती अमेरिकेत. कॅलिफोर्नियातील एर्न्स्ट क्रेब्स नावाचे पितापुत्र या कथेचे नायक. १९५० च्या सुमारास त्यांनी ‘लेट्राइल’ हे नाव पुढे आणले. त्यांचा युक्तिवाद ऐकायला सुबक होता. कर्कपेशींत अॅमिग्डालिन फोडणारे विकर भरपूर असते आणि सायनाइड निष्प्रभ करणारे विकर नसते. म्हणून विष फक्त कर्कपेशींतच सुटते आणि निरोगी पेशी वाचतात.

११/
युक्तिवाद सुबक असला तरी तो मोजून पाहता येतो, आणि लोकांनी मोजला. गाठीमधील पेशींत ते फोडणारे विकर फारसे आढळले नाही आणि विष निष्प्रभ करणाऱ्या विकराच्या बाबतीत निरोगी व रोगी पेशींत म्हणावा तसा फरक दिसला नाही. १९५३ मध्ये कॅलिफोर्निया वैद्यक संघटनेच्या कर्करोग आयोगाने लेट्राइल घेतलेल्या ४४ रुग्णांचा आढावा घेतला. औषधाचा गुण आल्याचा वस्तुनिष्ठ पुरावा एकाही रुग्णात मिळाला नाही. १९६३ मध्ये कॅलिफोर्नियाने कर्करोगावरील उपचार म्हणून त्यावर बंदी घातली.

१२/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे जरा थांबावे. १९६२ मध्ये, थॅलिडोमाइडच्या दुर्घटनेनंतर, अमेरिकेत कायदा बदलला आणि औषध सुरक्षित आहेच, पण गुणकारीही आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी उत्पादकावर आली. पुढे लेट्राइलचे रूपच पालटले. धाकट्या क्रेब्सने सांगायला सुरुवात केली, की हे औषध नव्हेच, हे जीवनसत्त्व आहे, बी-१७. आणि कर्करोग म्हणजे त्याची कमतरता. जीवनसत्त्व म्हटले की ते अन्नात मोडते आणि अन्नाला औषधाचा पुरावा मागता येत नाही. प्रत्यक्षात ज्याच्या अभावी शरीरात रोग उद्भवतो ते जीवनसत्त्व. अॅमिग्डालिनच्या अभावी कोणताही रोग होत असल्याचे कोणी दाखवलेले नाही. मावशीच्या पाकिटावरचे ‘बी-१७’ हे नाव अशा रीतीने जन्मले.

१३/
या नावाला आधार म्हणून हुंझाची गोष्ट सांगितली जाते. काराकोरममधील या खोऱ्यात लोक जर्दाळू आणि त्यांच्या बिया खातात, म्हणून तिथे कर्करोग नाही, असा दावा. याचे एक मूळ ब्रिटिश भारताच्या वैद्यकीय सेवेतील डॉक्टर रॉबर्ट मॅककॅरिसन यांच्या लिखाणात आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते गिलगिटला होते आणि हुंझाच्या लोकांत आपल्याला कर्करोग दिसला नाही असे त्यांनी नोंदवले. त्यांचा भर एकूण साध्या आहारावर होता. अॅमिग्डालिनचा सिद्धांत त्यांचा नव्हे. शिवाय जन्ममृत्यूची नोंद नाही, पोटातली गाठ तपासण्याची सोय नाही आणि सगळा भार एका डॉक्टरच्या नजरेवर, अशा ठिकाणी ‘दिसला नाही’ याचा अर्थ ‘नव्हता’ असा होत नाही. ताम्रपट सापडला नाही म्हणून राजा नव्हता असे आपण म्हणत नाही, त्यातलाच हा प्रकार.

१४/
१९७० च्या दशकात लेट्राइल हा अमेरिकेत राजकीय प्रश्न झाला. ‘उपचार निवडण्याचे स्वातंत्र्य’ ही घोषणा झाली, वीसहून अधिक राज्यांनी त्याला या ना त्या रूपात मोकळीक दिली आणि १९७८ पर्यंत सुमारे ७०,००० अमेरिकनांनी ते वापरले असावे असा अंदाज आहे. न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेत कानेमात्सु सुगिउरा या ज्येष्ठ संशोधकाला उंदरांवरील प्रयोगांत काही आशादायक चिन्हे दिसली. पण कोणत्या उंदराला काय दिले आहे हे निरीक्षकाला न सांगता प्रयोग केले, तेव्हा ती चिन्हे टिकली नाहीत. समर्थकांना यात कट दिसला. १९७९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला, की मरणासन्न रुग्णालाही सुरक्षित आणि गुणकारी औषधाच्या कायद्याचे संरक्षण आहेच.

१५/
अखेर राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या पुढाकाराने मेयो क्लिनिक आणि इतर केंद्रांत प्रत्यक्ष रुग्णांवर चाचणी झाली. तिचा अहवाल १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. १७८ रुग्णांना अॅमिग्डालिन, आणि त्यासोबत समर्थक सांगत तो आहार, विकरे व जीवनसत्त्वे, असा सगळा विधी पाळून उपचार दिले गेले. एका रुग्णाची गाठ काही आठवडे लहान झाली आणि पुन्हा वाढली. उपचार संपल्यावर सात महिन्यांच्या आत सर्वांचाच रोग पुढे गेलेला होता. काही रुग्णांच्या रक्तातील सायनाइड प्राणघातक पातळीच्या जवळ पोहोचले होते. हे द्रव्य शिरेवाटे दिल्यापेक्षा तोंडावाटे घेतल्यास अधिक धोक्याचे, कारण आतड्यातील जिवाणू ते फोडतात. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये बजावले, की जर्दाळूच्या कच्च्या बियांचे तीनहून अधिक लहान गर प्रौढ माणसालाही सुरक्षित मर्यादेपलीकडे नेऊ शकतात. लहान मुलाला तर एकही धोक्याचा.

१६/
इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. “झाडपाल्याला हे लोक कधी मान देतच नाहीत. औषध स्वस्त असले की ते दडपतात.” याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात जन्मलेल्या एका माणसाच्या कामात आहे. त्यांचे नाव मनसुख वाणी. १९२५ साली नंदुरबारला जन्म, मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्राचे शिक्षण, मग अमेरिका. उत्तर कॅरोलायनातील प्रयोगशाळेत मन्रो वॉल यांच्यासोबत त्यांनी वनस्पतींतून कर्करोगविरोधी द्रव्ये शोधली. १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन आणि १९७१ मध्ये यू नावाच्या वृक्षाच्या सालीतून टॅक्सॉल. ही दोन्ही विषारी द्रव्ये आणि दोन्ही झाडांचीच.

१७/
आता वर्षे शेजारी ठेवून पाहा. लेट्राइलसाठी मोर्चे निघत होते, त्याच १९७० च्या दशकाच्या आरंभी कॅम्प्टोथेसिनची रुग्णांवर चाचणी झाली. मूत्राशयाला आणि रक्ताला इजा होऊ लागली, तेव्हा चाचण्या थांबवण्यात आल्या. कोणी घोषणा दिल्या नाहीत, कोणी त्याचे नाव बदलून जीवनसत्त्व केले नाही. संशोधक पुन्हा प्रयोगशाळेत गेले. १९८५ मध्ये ते द्रव्य पेशीत नेमके कुठे काम करते हे कळले आणि १९९६ मध्ये त्यापासून तयार केलेली टोपोटेकन व इरिनोटेकन ही दोन औषधे अमेरिकेत मान्य झाली. टॅक्सॉलला १९९२ मध्येच मान्यता मिळाली होती. आज ते स्तनाच्या कर्करोगावरही दिले जाते.

१८/
कॅम्प्टोथेसिनचा एक धागा सह्याद्रीतही आहे. आपल्याकडच्या नरक्या या दुर्गंधी फुलांच्या झाडात हेच द्रव्य असल्याचे टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी १९७२ मध्ये दाखवले. त्यांची प्रयोगशाळा मुंबईत, गोरेगावला होती. म्हणजे झाडांना प्रयोगशाळेचे दार कधी बंद नव्हते. कवटीचे तेल आत गेले आणि काही काळाने उत्तम पर्याय येताच बाहेर पडले. नरक्यातले द्रव्य आत गेले, एकदा नापास झाले, सुधारून पुन्हा आले. जर्दाळूची बीही आत गेली, नापास झाली. पण तिच्या समर्थकांनी निकाल मान्य केला नाही. या तिन्ही कथांत मला एवढाच फरक दिसतो.

१९/
आपल्या देशानेही यावर विचार केला आहे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. त्यामागे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेलेल्या मेहेरबाई टाटा यांची स्मृती होती. १९५४ मध्ये आक्षेपार्ह औषधी जाहिरातींविरुद्ध कायदा झाला आणि ज्या रोगांवर हमखास इलाजाची जाहिरात करता येत नाही त्या यादीत कर्करोग आला. हमदर्द दवाखान्याने अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाने या कायद्याला आव्हान दिले. डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातील काही तरतुदी अतिव्यापक म्हणून रद्द केल्या, पण अशा जाहिरातींना आळा घालण्याचे तत्त्व कायम ठेवले. कायदा जाहिरात अडवू शकतो. ओळखीच्या माणसाने मायेने घरी आणून दिलेले पाकीट तो कसा अडवणार?

२०/
आठवड्याने मी पुन्हा बदलापूरला गेले आणि हे सगळे मावशीला सांगितले. तिने मध्येच विचारले, “म्हणजे त्यांनी मला विष आणून दिलं?” मी म्हटले, “तसं नाही गं. त्यांना कोणीतरी सांगितलं, त्या कोणाला आणखी कोणी सांगितलं. मुळाशी जाऊन कोणी पाहिलंच नाही.” ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “डॉक्टर सांगतात इतके टक्के, तितके टक्के. हे म्हणतात नक्की बरं होईल. नक्की म्हणणारं माणूस बरं वाटतं गं.”

२१/
या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. लेट्राइलची सारी शक्ती याच ‘नक्की’ या शब्दात होती. भगवानलालांनीही शक ९८२ म्हटले ते दगडाकडे बोट दाखवून. पटत नसेल तर जाऊन पाहा, अशी सोय ठेवून. डॉक्टरांचे टक्केही तसेच असतात. ते रुक्ष वाटतात, कारण त्यांत बऱ्या झालेल्यांबरोबर न झालेल्यांचीही मोजदाद असते. चमत्काराच्या गोष्टीत फक्त वाचलेले बोलतात.

२२/
पाकीट मावशीने पुढच्या खेपेला डॉक्टरांना दाखवले. त्यांनी ते खाऊ नका म्हणून सांगितले आणि न रागावता, ती आणखी काय काय घेते याची चौकशी केली. उपचार चालू आहेत. त्यांचा शेवट काय होईल हे मी इथे लिहू शकत नाही. उल्हासनगरच्या त्या ओळखीच्यांना मी या धाग्याचा दुवा पाठवला आहे. मावशीने एवढेच बजावले होते, की त्यांना दुखवू नकोस. परळच्या पहिल्या खेपेला हात धरून सोबत तेच आले होते.

२३/
मित्रहो, तुमच्याही घरच्या गटात असा एखादा संदेश येईल. तो पाठवणाऱ्याची थट्टा करू नका. कोणी सांगितले, केव्हा, कशावरून आणि नंतर कोणी तपासले, हे चार प्रश्न विचारा. आणि आजाऱ्याला काहीही देण्याआधी ते त्याच्या डॉक्टरांना दाखवा. कधी अंबरनाथला गेलात तर मंदिराच्या शिल्पांबरोबर तो लेखही शोधा. एका डॉक्टरने तो चुकीचा वाचला होता आणि त्याच्या शिष्याने तो बरोबर वाचला, हे सोबतच्या धाकट्या भावंडांना अवश्य सांगा.

धागा समाप्त.